मनात वाचण्याची परीक्षा

आयुष्यभर मी मुलांना वाचायला शिकवलं. बोट ओळीखाली ठेवा, ओठ मिटा, मनात वाचा, हे किती वेळा सांगितलं असेल ते देवच जाणे. मी चांगला मास्तर होतो असं लोक म्हणतात. मी ते खोडून काढत नाही, कारण खोडून काढायचं तर ही हकीकत सांगावी लागते, आणि ती सांगायचं धाडस इतकी वर्षं झालं नाही. आता माझं वय झालं, वडील गेले, परीक्षा घेणारा तो डिपुटीही गेला असेल. आता सांगतो. ऐकून ज्याला जे म्हणायचं ते त्यानं म्हणावं.

आमचं घर अमरावतीजवळचं, काळ्या जमिनीचं. दूर अमेरिकेत गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला होता, आणि म्हणून वऱ्हाडच्या कापसाला मागणी आली होती. हे कारण मला फार उशिरा कळलं. तेव्हा डोळ्यांना दिसायचं ते एवढंच की ज्यांच्या घरी धड कांबळं नव्हतं त्यांच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. आमच्या बैलांच्याही चढल्या. वडील त्या सणासुदीला स्वतः घासायचे, गड्याला हात लावू द्यायचे नाहीत.

अशा दिवसांत मला मास्तर व्हायचं खूळ लागलं. सरकार गावोगावी शाळा काढणार, त्यासाठी मास्तर नेमणार, आणि ते परीक्षा घेऊन नेमणार अशी दवंडी झाली. मला वाचायचा नाद होता. हाताला लागेल ते वाचायचो, पोथी असो, कचेरीचा जाहीरनामा असो, नाही तर वाण्याच्या पुडीचा कागद असो. आणि अर्थातच मोठ्यानं. वाचणं म्हणजे मोठ्यानं वाचणं, याखेरीज दुसरं वाचणं असतं हे आमच्या गावात कुणाला ठाऊकच नव्हतं. पंतोजींच्या शाळेत जो जास्त ओरडेल तो जास्त हुशार. पोथी वाचायची ती चार माणसांच्या कानांवर पडावी म्हणून. आलेलं पत्रसुद्धा ओट्यावर बसून खणखणीत वाचायचं, म्हणजे शेजाऱ्याला पुन्हा विचारायला यावं लागत नसे.

या परीक्षेची रीत निराळी होती. अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांच्या उमेदवारांनी अकोल्याला जमायचं. सगळ्यांना एकच छापील कागद मिळणार, त्यावर एक लांबलचक निबंध, आणि खाली प्रश्न. सकाळी बसायचं ते दिवस कलेपर्यंत. निबंध मनात वाचायचा. आवाज निघाला की उमेदवार बाद. जाहीरनाम्यात हे कलम होतं आणि मी ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

घरी सराव करायला बसलो तर वडील दोनदा दारातून डोकावून गेले. तिसऱ्यांदा आत आले.

"झोपून राहिला का वाचून राहिला?"

"वाचून राहिलो."

"मंग आवाज कुठी हाय?"

"मनात वाचाचं हाय, बाबा. परीक्षेत तसंच हाय."

"कापूस घरात माईन नाई इतका येऊन राहिला, अन् ह्याले चाकरीचं सुचलं. जा बाप्पा. पण एक सांगतो. नापास होऊन आला तं सीधा वावरात. मंग पोथीले हात लावाचा नाई."

वडील बोललेलं मागे घेत नसत. मी नापास झालो असतो तर उपाशी मरणार नव्हतो, उलट चांदीच्या शेंब्यांच्या बैलांमागे चालणार होतो. पण तेव्हा मला ते मरणासारखंच वाटत होतं. हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करू नये.

पौषातले दिवस होते. दमणी जुंपून निघालो. वाटेवर कापसाच्या गाड्यांची रीघ लागलेली, पुढे जायला वाट मिळेना. तिसऱ्या दिवशी अकोल्याला पोचलो आणि सरायीत एक खोली धरली. परीक्षेला अजून पाच दिवस होते. मी ओसरीवर बसून वाचायला सुरुवात केली, आणि मनात वाचायचं ठरवून बसायचो तरी चार ओळींनंतर माझा आवाज मलाच ऐकू यायचा. ओठ दाबले की डोळे नुसते अक्षरांवरून घसरत जायचे आणि पानाच्या तळाशी पोचल्यावर कळायचं की आपण काहीच वाचलेलं नाही. आवाज होता तोवर मन त्याच्या मागे चालायचं. आवाज काढून घेतला की मन दावं सोडलेल्या वासरागत कुठेही जायचं. दोन दिवस हेच चाललं आणि मला रडू यायचं बाकी राहिलं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतला माणूस माझ्यापुढे येऊन बसला. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा असेल. बारीक दाढी, स्वच्छ धुतलेला अंगरखा, आणि हातात तसलंच एक पुस्तक.

"भाऊ," तो म्हणाला, "दोन दिवस झाले, माहं एक पान उलटलं नाई. तुमचंच आयकून राहिलो. आता तुमी पास झाले तं मीबी पास, अन् तुमी नापास तं मीबी."

मला आधी राग आला, मग हसू आलं. तो बाळापूरचा, विणकरांच्या घरचा. मराठी तिथल्याच एका पंतोजीकडे शिकलेला, उर्दू घरची. मी त्याला भाई म्हणू लागलो आणि तो मला भाऊ. चुली वेगळ्या होत्या, बाकी पुढचे दिवस आम्ही एकाच ओसरीवर काढले.

हा माणूस मास्तरकीसाठी का आला, हे मी त्याला विचारलं. मला वाटलं, त्यालाही माझ्यासारखंच खूळ असेल.

"आमच्या घरी पागोटे विनत व्हते," तो म्हणाला. "माहा बाप, त्याचा बाप. आता माग बंद हाय. सूत भेटत नाई. सारा कापूस मुंबईले चालला. आमच्या घरावरून गाड्या जातेत, दारात बसून पायतो आमी. कापूस तं समोरून चालला, पण मागावर टाकाले धागा नाई." हे त्यानं रडगाणं म्हणून सांगितलं नाही. पाऊस कुठवर आला हे सांगावं तसं सांगितलं. घरी म्हातारा बाप होता, बायको होती, दोन लेकी होत्या. शाळेची जागा मिळाली तर घर उभं राहणार होतं, नाही तर काय करायचं ते त्यानं ठरवलेलं नव्हतं.

मला आठवतं, मी त्यावर मान डोलावली आणि विषय बदलला. आमच्या घरचा कापूसही त्याच रस्त्यानं गेला असणार, असं माझ्या मनात येऊन गेलं होतं.

त्यानंच मला मनात वाचायला शिकवलं. त्याची ती युक्ती मागावरून आलेली होती. "ताणा लावताना आमी धागे मोजतो," तो म्हणाला. "मोठ्यानं मोजलं अन् कोनी हाक मारली का गेलं समदं. म्हणून जीभ टाळूले लावाची. जीभ बसली का मन बसते." मग त्यानं खिशातून सुताचं एक लहानसं गुंडाळं काढलं. मागावरचं उरलेलं तेवढंच होतं त्याच्याकडे. त्यातला हातभर धागा तोडून मला दिला आणि तेवढाच स्वतः घेतला. "एक उतारा झाला का एक गाठ. गाठ मारताना सोताले विचाराचं, ह्याच्यात काय सांगतलं? सांगता आलं तं गाठ आवळाची. नाई आलं तं मांगं जाचं. पुढचं वाचाचंच नाई."

मला ते पोरकट वाटलं. पण करून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी एक अख्खं पान एकही शब्द न उच्चारता वाचून काढलं, आणि त्यात काय होतं ते त्याला सांगितलं. तो इतका खूश झाला की जणू त्याचाच लेक वाचायला लागला. पुढे चाळीस वर्षं मी मुलांना हीच युक्ती शिकवली. कुणाकडून घेतली ते एकाही मुलाला सांगितलं नाही.

परीक्षा बाजाराजवळच्या एका धर्मशाळेत होती. लांब दालन, सतरंज्या अंथरलेल्या, आम्ही चाळीसेक उमेदवार ओळीनं मांड्या घालून बसलेलो. पुढ्यात पाट, दौत, बोरू. मी आणि भाई एकमेकांशेजारीच बसलो होतो. बाहेर गाड्यांचा खडखडाट, हमालांच्या आरोळ्या, आणि कापसाचे पुंजके उडत उडत खिडकीतून आत यायचे. देखरेखीला पुण्याकडचे एक डिपुटीसाहेब होते. शाळा तपासणाऱ्या अंमलदाराला तेव्हा आम्ही डिपुटी म्हणायचो. आमची बोली त्यांच्या कानांना टोचत असावी, कारण कुणी 'मले' म्हणालं की ते डोळे मिटून घ्यायचे.

कागद हातात आला आणि पाहतो तो निबंध कापसावर. 'कापसाची लागवड व निगा.' मला वाटलं, देव पावला. ह्यात आपल्याला काय शिकवणार कुणी?

तिथंच माझा घात झाला. पहिले दोन उतारे नीट गेले. जीभ टाळूला, धागा मांडीवर, दोन गाठी बसल्या. तिसऱ्या उताऱ्यात लिहिलं होतं की कापसाच्या झाडास दर आठ दिवसांनी भरपूर पाणी द्यावे. मी थबकलो. आमच्या काळ्या जमिनीत पऱ्हाटीला दर आठ दिवसांनी पाणी दिलं तर मुळं कुजून जातील. आम्ही तिला पावसावरच सोडतो. हे कुणी लिहिलं? ह्यानं कधी वावर पाहिलं आहे का? पुढे होतं की पेरताना एकेक बी बोटांनी वेगळे करून टाकावे. अरे, सरकी शेणमातीत चोळून घेतली की तिचे केस बसतात आणि बी आपसूक सुटं होतं, हे आमच्या घरची बाईही सांगेल. चौथ्या उताऱ्यात याहून मोठी घोडचूक. मला वाचायचं सोडून त्या लिहिणाऱ्याशी भांडायची सुरसुरी आली, आणि भांडण काही मनात होत नाही. मी भांडू लागलो. जीभ टाळूवरून कधी सुटली ते कळलंच नाही.

"कोण बोलतंय?"

डिपुटीसाहेबांचा आवाज दालनात घुमला तेव्हा मी भानावर आलो. आसपासचे सगळे माना वर करून बघत होते. मी मान खाली घातली. साहेब आमच्या ओळीकडे चालत आले.

"या ओळीत कोणीतरी बोलत होतं."

आवाज आमच्या बाजूनं आला हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. ते माझ्या आणि भाईच्या पुढ्यात उभे राहिले. माझा धागा माझ्या मांडीवर होता, दोन गाठींचा. मी मांडी हलवायचं निमित्त केलं आणि तो सतरंजीखाली सारला. हे मी पूर्ण शुद्धीवर राहून केलं. भाईचा धागा त्याच्या हातातच होता, पाचवी गाठ अर्धी मारलेली.

साहेब वाकले आणि त्यांनी तो धागा उचलला. "हे काय आहे?"

"धागा हाय, साहेब. गाठी मारतो. ध्यान राहावं म्हणून."

"ध्यान." साहेबांनी गाठी बोटांनी चाचपल्या. "पाच गाठी. कोणत्या प्रश्नाच्या? कोणाला खुणा करत होतास?"

"कोनालेच नाई. वाचाची रीत हाय माही."

"आणि आवाज?"

"आवाज माहा नाई."

"मग कोणाचा?"

भाई साहेबांच्या हातातल्या धाग्याकडे पाहत राहिला. साहेबांनी सगळ्या ओळीवरून नजर फिरवली आणि तिसऱ्यांदा विचारलं, या वेळी जरा सावकाश, "आवाज कोणाचा होता? ज्याचा असेल त्यानं सांगावं. नाही तर हा उठेल."

मी पुढ्यातल्या कागदाकडे पाहत होतो. साहेब किती वेळ थांबले ते मला नक्की सांगता येणार नाही. बाहेर एका गाडीवाल्याचं बैलांशी चाललेलं भांडण ऐकू येत होतं. मग भाईनं बोरू पुसला, दौतीचं झाकण लावलं आणि तो उठला. साहेबांनी यादीत त्याच्या नावावर रेघ ओढली आणि पुन्हा कधी परीक्षेला बसायचं नाही असं त्याला बजावलं. तो दारापर्यंत गेला, जोडे घातले आणि गेला.

मी पेपर पुरा केला. नुसता पुरा नाही, चांगला केला.

संध्याकाळी सरायीत आलो तो त्याची खोली रिकामी. सरायीच्या माणसानं सांगितलं की बाळापूरकडे जाणारी एक रिकामी गाडी मिळाली, तिच्यात बसून तो गेला. मला वाईट वाटलं, आणि त्याच्या समोर जावं लागलं नाही म्हणून बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं, आणि त्यातलं दुसरं जास्त.

उद्या डिपुटीसाहेबांकडे जाऊन सांगू, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुक्कामाच्या बंगल्यापर्यंत गेलोही. फाटकाशी शिपाई होता. त्यानं विचारलं, काय काम आहे? मी म्हणालो, काही नाही, निकाल कधी लागेल ते विचारायचं होतं. तो म्हणाला, लागेल तेव्हा लागेल. मी परत फिरलो. खरं बोलायला गेलो होतो आणि शिपायाला पाहूनच माझी गाळण उडाली.

निकाल लागला. मी पास झालो, नंबरही वरचा आला. ज्या वडिलांनी मला वेड्यात काढलं होतं, त्यांनी गावभर पेढे वाटले आणि ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "पोरगं मनात वाचते. आवाजच नाई निंगत." मी आत बसून ते ऐकत होतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं. वडील साधं कौतुक करत होते आणि मला वाटायचं की त्यांना सगळं समजलं आहे.

मला नांदगाव पेठेची शाळा मिळाली. घरापासून जवळ, झाडाखाली वर्ग, बावीस मुलं. ज्या कामाची इच्छा केली होती तेच मिळालं. पण मुलांना 'जीभ टाळूला लावा' म्हणताना माझी स्वतःची जीभ जड व्हायची. कुणी मुलगा पुटपुटला की मी नको इतका चिडायचो. एकदा एका मुलाला त्यासाठी छडी मारली आणि तो म्हणाला, "मी नाई बोललो, मास्तर, हा बोलला." मी छडी खाली ठेवली आणि त्या दिवशी शाळा लवकर सोडून दिली.

वर्ष उलटून गेलं. सगळ्या नव्या मास्तरांना अकोल्याला बोलावलं होतं, काही नवी पुस्तकं वाटायची होती. पुस्तकं घेऊन मी कापसाच्या बाजारातून चाललो होतो. तिथं उंच लाकडी चौकटींना मोठाले बोरे टांगलेले असायचे. आत एक माणूस उतरायचा, वरून दुसरा कापूस टाकायचा आणि आतला तो पायांनी तुडवून बसवायचा. सुरुवातीला आतला माणूस दिसतच नाही. बोरा भरत जातो तसा तो वर येतो, आधी डोकं, मग खांदे, मग कंबर. अशाच एका बोऱ्यातून एक डोकं वर आलं. दाढीत कापूस, पापण्यांवर कापूस. मी ओळखलं, आणि त्यानंही ओळखलं.

"भाऊ," तो म्हणाला. "मास्तर झाले म्हन्तात."

त्याचे पाय थांबले नव्हते. वरचा माणूस कापूस टाकतच होता. मी चौकटीजवळ गेलो आणि वर तोंड करून उभा राहिलो. जे वर्षभर मनात घोळवलं होतं ते मला एका दमात बोलून टाकायचं होतं, नाही तर ते पुन्हा राहून गेलं असतं.

"भाई, मी जातो डिपुटीकडं. आजच जातो. सांगतो का आवाज माहा व्हता. तुमचं नाव पुन्हा लावाले सांगतो."

तो खोकला. कापसाच्या धुळीचा खोकला होता तो, थांबायला वेळ लागला. "आता सांगून काय व्हते?" तो म्हणाला. "तुमची जागा जाईन, अन् मले थोडीच भेटन. डिपुटी म्हनन, दोघंबी लबाड. राहू द्या."

"पण तुमचं घर..."

"चालू हाय. लेकी सरकी काढाले जातेत."

आणि आता मी ते सांगतो ज्यासाठी हे सगळं सांगायला बसलो. त्यानं 'राहू द्या' म्हटलं तेव्हा मला हायसं वाटलं. पोटातला दगड कुणी काढून घ्यावा तसं हलकं वाटलं. त्याच्या पोरी शाळेत जायच्या वयाच्या असतील, त्या सरकी काढायला जातात हे ऐकूनही ते हायसं वाटणं गेलं नाही. माणूस किती हलका असू शकतो ते मी त्या दिवशी पाहिलं, आणि पाहायला दुसऱ्या कुणाकडे बघावं लागलं नाही.

निघायला वळलो, मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "भाई, तुमाले ठाऊक व्हतं, आवाज कोनाचा ते. मंग तुमी काहून नाई सांगतलं?"

तो तोवर छातीपर्यंत वर आला होता. पाय तुडवतच होते. "काहून सांगाचं?" तो म्हणाला. "मले वाटलं तुमी सांगसान. साहेबानं तीनदा विचारलं ना. मी तिन्ही बार थांबलो."

मी पुस्तकांचा गठ्ठा उचलला आणि चालू लागलो. त्याला वाटत असेल की त्या वेळी मी घाबरून गोठलो होतो, डोळ्यांपुढे अंधारी आली होती, कागदावरचं अक्षर दिसत नव्हतं. वर्षभर मी स्वतःलाही तेच सांगत आलो होतो. ते खरं नव्हतं. साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं, भाई माझ्या शेजारी थांबून राहिला, तेव्हा मी मान खाली घालून पाचवा उतारा वाचत होतो. कापूस सकाळी दव असताना वेचावा, म्हणजे वाळका पाला चुरून त्यात मिसळत नाही. त्या अख्ख्या निबंधात तेवढं एक खरं लिहिलं होतं. ओठ मिटलेले होते, जीभ टाळूला होती. सबंध दिवसात तो एकच उतारा मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि माझं लक्ष एकदाही ढळलं नाही.